रास्पबेरी पाय ४ : अण्णांच्या एक्सपीच्या आणि माझ्या विंडोज ११ च्या मधला डबा

रास्पबेरी पाय ४ हा छोटासा कॉम्प्युटर मी आधी कशासाठी घेतला ते सांगते, कारण नुसतं "मस्त आहे घ्या" लिहून कुणाचा फायदा नाही, तुमच्या घरी आमच्यासारखी भानगड असेल तरच हे सगळं वाचायचं.

सांगलीत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर अण्णांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, हळदीच्या अडत दुकानांची बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं असं काम ते पंचवीसेक वर्षं करतायत. त्यांचं मशीन पेंटियम ४, त्यावर विंडोज एक्सपी, पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मराठी फाँटांचं श्रीलिपी, आणि श्रीलिपीचा हार्डवेअर लॉक, म्हणजे जो लावल्याशिवाय ते चालत नाही तो छोटा डबा, मागच्या त्या लांबट पॅरलल पोर्टात बसवलेला. तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला येतच नाही. वीस वर्षांच्या सगळ्या फायली जुन्या फाँटात आहेत, युनिकोडात म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत नाहीत, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की अक्षरं फुटतात. त्यामुळं "नवीन कॉम्प्युटर घ्या की" असं जे सगळे सांगतात त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की एकदा येऊन अण्णांचा हात बघा, अर्ध्या तासात पत्रिका लावून मोकळे होतात, ते मशीन म्हणजे त्यांचा हात आहे, तो बदलायचा विषयच नाही.

मी वरच्या मजल्यावर बसून नोकरीचं काम करते, माझ्याकडे विंडोज ११ प्रोचा लॅपटॉप. रोजची गरज अगदी साधी आहे. अण्णा पेजमेकरमधून डिस्टिलरनं पीडीएफ काढतात, ती माझ्याकडे यायला पाहिजे म्हणजे मी गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवणार, आणि गिऱ्हाइकानं पाठवलेला नवरा-नवरीचा फोटो किंवा दुकानाचा लोगो खाली जायला पाहिजे. बास. माझा आधीचा लॅपटॉप विंडोज ७ चा होता तेव्हा हे सगळं वायरीवरून सुरळीत चाललेलं, दोन्ही मशीन एकमेकांना दिसायची. लॅपटॉप बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून पेनड्राइव्ह घेऊन जिना चढउतार सुरू. लग्नसराईत दिवसाला पंधरा-वीस वेळा. वर कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस आला तो वेगळाच, सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले, एक अख्खी रविवारची दुपार फायली परत दिसायला लावण्यात गेली.

बरं आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण मला हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि ते कळल्यावरच पुढचं सुचलं. विंडोजची मशीन एकमेकांशी फायली देवघेव करतात ती एसएमबी नावाच्या भाषेत. एक्सपीला त्यातली फक्त पहिली आवृत्ती येते, एसएमबी १. व्हिस्टापासून दुसरी आली, विंडोज ८ पासून तिसरी. विंडोज ७ ला पहिली पण येते आणि दुसरी पण, म्हणून माझा जुना लॅपटॉप दोन्हीकडे बोलायचा. पण ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं एसएमबी १ आपणहून चालू ठेवणं बंद करत आणलं, विंडोज ११ मध्ये पण ते आपणहून चालू नसतं. म्हणजे आमच्या घरात एका मशीनला फक्त जुनी भाषा येते आणि दुसऱ्यानं ती बोलायचीच सोडलीय, वायर कितीही चांगली असू दे, स्विच कुठल्याही कंपनीचा असू दे, जमणारच नाही.

आणि बंद केलं ते उगाच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं फायली लॉक करून पैसे मागणारं व्हायरस आलं होतं आठवतंय का, दीडशेच्या वर देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर लॉक झाले, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांमधली कामं अडली, ते पसरलं ते विंडोजच्या याच एसएमबी १ मधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टनं ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच काढलेला होता, पण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला त्यामुळं एक्सपीवाल्यांसाठी मे महिन्यात घाईनं वेगळा पॅच काढावा लागला. अण्णांच्या मशीनवर तो नव्हता. मी स्वतः पेनड्राइव्हनं नेऊन टाकला तेव्हा कुठं जिवात जीव आला.

आता हा रास्पबेरी पाय (पुढं नुसतं पाय म्हणते) घेण्याआधी काय काय झालं ते. एका दुकानातनं मुलगा बोलावला होता. त्यानं माझ्या लॅपटॉपवर एसएमबी १ चालू केलं, फायरवॉल बंद केली, पासवर्ड शेअरिंग बंद केलं, झालं मॅडम म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. चाललं, खोटं कशाला बोलू. पण मी त्याच लॅपटॉपवर ऑफिसचं काम करते, त्याच लॅपटॉपवर बँक उघडते, तो घेऊन बाहेर दुसऱ्याच्या वायफायवर पण बसते. जुन्या मशीनसाठी नव्याचं दार सताड उघडं ठेवायचं हा उलटा हिशोब झाला. एसएमबी १ बद्दल वाचल्यावर मी दोनच दिवसात सगळं होतं तसं केलं. कुणी तुम्हाला हा उपाय सांगितला तर कृपा करून करू नका, मग सांगणारा कितीही जाणकार वाटू दे.

मग राउटरच्या मागच्या यूएसबीला पेनड्राइव्ह लावून बघितला. एक्सपीला दिसला, लॅपटॉपनं मात्र साफ नकार दिला, तुमच्या ऑर्गनायझेशनची सिक्युरिटी पॉलिसी अनोळखी गेस्टला परवानगी देत नाही असा मेसेज. घरात कसली ऑर्गनायझेशन म्हणून मी बराच वेळ कुठं काही चुकीचं सेटिंग लागलंय का शोधत बसले, तसं काही नव्हतं, विंडोज ११ च्या २०२४ च्या मोठ्या अपडेटपासून म्हणजे २४एच२ पासून प्रो आवृत्तीत बिनपासवर्डाचं शेअर मुळातच चालत नाही आणि प्रत्येक जोडणीला सही पण लागते ज्याला साइनिंग म्हणतात. त्या राउटरच्या शेअरला पासवर्ड घालायची सोयच नव्हती. तो मार्ग संपला.

तेव्हा डोक्यात आलं की दोघांपैकी कुणालाच बदलायचं नाही, मध्ये असा कुणीतरी बसवायचा ज्याला दोन्ही भाषा येतात. एक्सपी त्याच्याशी जुन्या भाषेत बोलेल, लॅपटॉप नव्या भाषेत, फोल्डर एकच. जुना विंडोज ७ चा लॅपटॉप हे करू शकला असता पण त्याचाही सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपलाय, चोवीस तास चालू ठेवायला नको वाटला, फॅन पण ओरडायचा. नॅसचे, म्हणजे नेटवर्कवर फायली ठेवायचे, तयार डबे मिळतात, काहींमध्ये एसएमबी १ चालू करायची सोय असते, पण डिस्कसकट त्याची किंमत ऐकून अण्णा म्हणाले "एवढ्यात मी रिम घेतो कागदाचे". म्हणून रास्पबेरी पाय ४.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, हा पत्त्याच्या कॅटाएवढा अख्खा कॉम्प्युटर आहे, इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या लोकांनी मुलांना शिकायला म्हणून काढलेला, पहिला २०१२ चा, हा चौथा जून २०१९ चा. मी चौथाच का घेतला तर याचा लॅन पोर्ट खरा गिगाबिटचा आहे आणि दोन यूएसबी ३ पोर्ट आहेत. तिसऱ्यात लॅन आतून यूएसबी २ वरून जायचं त्यामुळं त्याचा वेग अडायचा. पाचवा पण आहे पण एवढ्या कामाला नको. २ जीबी रॅमचा घेतला, फायली ठेवायला त्याहून जास्त लागत नाही, ४ जीबी ८ जीबीच्या मागं लागू नका. पाय, अडॅप्टर, केस, ३२ जीबीचं कार्ड मिळून माझे साडेसहा हजाराच्या आसपास गेले, तुम्ही घेताना भाव परत बघा कारण तो वरखाली होत असतो. डिस्क म्हणून जुन्या लॅपटॉपमधली २५६ जीबीची एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून लावली.

अडॅप्टरच्या बाबतीत काटकसर करू नका. मी आधी मोबाइलचा चार्जर लावला, टीव्हीला जोडून बघितलं तर कोपऱ्यात पिवळी वीज दिसायला लागली, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. डिस्क मध्येच गायब व्हायची. कंपनीचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर आणला आणि ते थांबलं ते थांबलंच.

सेटअप सांगते पण सगळ्या कमांड लिहीत बसत नाही. त्यावर रास्पबेरी पाय ओएस टाकली, त्यात सांबा टाकलं. सांबा म्हणजे लिनक्सला एसएमबी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर. इथं पहिला खड्डा. सांबाच्या ४.११ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१९ पासून, त्यांनी पण एसएमबी १ आपणहून बंद ठेवलंय, त्यामुळं जुने व्हिडिओ बघून केलं की लॅपटॉपला दिसतं आणि एक्सपीला नाही. कॉन्फिग फाइलीत 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' ही ओळ घालून तिच्यापुढं एनटी१ लिहायचं, एनटी१ म्हणजेच ती जुनी भाषा.

दुसरा खड्डा पासवर्डचा, आणि यात माझे दोन दिवस गेले. एक्सपी पासवर्ड विचारायचा, मी बरोबर टाकायचे, परत विचारायचा, परत टाकायचे, परत तेच. पासवर्ड चुकत नव्हता, तो पाठवायची पद्धत चुकत होती. एक्सपी आपणहून अगदी जुन्या पद्धतीनं पासवर्ड पाठवतो आणि सांबा ती घेत नाही. सांबाला ढिलं करायचा पण उपाय आहे, नेटवर सगळीकडे तोच सांगतात, पण त्यापेक्षा एक्सपीला सुधरवलेलं बरं कारण त्याला नवी पद्धत येते, फक्त सांगावं लागतं. एक्सपी प्रोमध्ये कंट्रोल पॅनेल, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स, लोकल सिक्युरिटी पॉलिसी, तिथं सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल असं एक सेटिंग आहे, ते 'सेंड एनटीएलएम व्ही२ रिस्पॉन्स ओन्ली' करायचं. केल्या केल्या आत गेला. एक्सपी होमवाल्यांना हा स्क्रीन मिळत नाही, त्यांना रजिस्ट्रीत जाऊन 'एलएम कंपॅटिबिलिटी लेव्हल' ३ करावी लागते.

आणि अण्णांना रोज पासवर्ड टाकायला लावायचा नव्हता. "तू काय करायचंय ते कर, पण सकाळी बटण दाबलं की माझं पेजमेकर उघडायला पाहिजे" एवढी त्यांची एकच अट. मग एक्सपीवर त्यांच्या नावाच्या युजरला तोच पासवर्ड दिला जो सांबात आहे, नाव पण तेच, म्हणजे विचारायचा प्रश्नच येत नाही, आणि 'कंट्रोल युजरपासवर्ड्स२' वापरून मशीन आपोआप लॉगिन होईल असं केलं. पायवरचं फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलं. अण्णांना माय कॉम्प्युटरमध्ये सी, डी आणि खाली झेड दिसतो, त्यांच्या लेखी ती अजून एक डिस्क आहे आणि ते बरोबरच आहे.

आता वेगाची गोष्ट, ही मात्र सविस्तर सांगायलाच पाहिजे कारण यात पायचा काही दोष नव्हता आणि मी त्याला दोष देऊन परत करायला निघाले होते. सगळं जोडल्यावर पिंग केलं, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का ते तपासलं, तर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर, एकही पॅकेट गळत नाही. पण चाळीस एमबीची पीडीएफ कॉपी करायला घेतली की बार हलायचाच नाही, मध्येच नेटवर्क नाही म्हणून एरर. पंधरावीस मिनिटं. केबल बदलली, कनेक्टर परत क्रिंप केले, स्विचचा पोर्ट बदलला. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये गेले. कार्ड रिअलटेकचं ८१३९, त्या काळात घरोघरी असायचं ते. त्यात लिंक स्पीडच्या पुढं पूर्वी कुणीतरी ऑटो काढून '१०० फुल डुप्लेक्स' पक्कं करून ठेवलेलं. याचं असं होतं की नवीन स्विच ऑटोवर असतो, तो समोरच्याला विचारतो तू कसा बोलणार, पक्कं केलेलं कार्ड उत्तरच देत नाही, मग स्विच वेग ओळखतो पण डुप्लेक्स मात्र हाफ धरतो. एक म्हणतो दोघं एकदम बोलू, दुसरा म्हणतो एकावेळी एकानंच बोलायचं, आणि जरा मोठी फाइल आली की नुसती धडकाधडकी. पिंगचं पॅकेट इवलंसं, तेही सेकंदाला एक, त्यामुळं पिंगमध्ये हे कधीच कळत नाही. ऑटो केलं आणि तीच पीडीएफ चार सेकंदात गेली. मला रडूच यायचं बाकी होतं.

अशी लक्षणं तुमच्याकडे असली, म्हणजे पिंग छान आणि कॉपी मरतुकडी, तर काही विकत घ्यायच्या आधी हे एक सेटिंग बघा. फुकट काम होतं.

आता वेग असा की एक्सपीचं कार्डच १०० एमबीपीएसचं, त्यामुळं सेकंदाला दहा-अकरा एमबीच्या वर जाणार नाही, ती कार्डाची हद्द आहे. लॅपटॉप वायरीनं लावला तर पायकडून सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास मिळतात. आमच्या पत्रिकांना हे उदंड झालं. एक्सपीला वायफायनं जोडायच्या फंदात पडू नका, काही नवे राउटर डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा लावून येतात, जुन्या कार्डांना ते कळत नाही आणि त्यातली बरीचशी ५ गिगाहर्ट्झ बघू पण शकत नाहीत. जिन्याच्या कडेनं एक कॅट ५ईची वायर टाका आणि विसरून जा.

एक छोटी गोष्ट, पाय विंडोज ११ च्या नेटवर्कच्या यादीत आपोआप दिसत नाही, एक्सपीला मात्र लगेच दिसतो. कारण दोघांची एकमेकांना शोधायची पद्धत पण वेगळी आहे, एक्सपीवाली नेटबायोसची, नवी डब्ल्यूएस डिस्कव्हरीची. पायवर डब्ल्यूएसडीडी म्हणून एक छोटा प्रोग्राम टाकला की तिकडेही दिसतो. नाही टाकला तरी पत्ता टाकून उघडतंच, पण आईला पण कधीतरी लॅपटॉपवरून फोटो काढून द्यावा लागतो, यादीत नाव दिसलं की तिला बरं पडतं.

सुरक्षेचं मी काय केलं ते नक्की सांगायचंय. एक्सपीचा आयपी हातानं टाकला आणि गेटवेची आणि डीएनएसची जागा रिकामी सोडली. गेटवे म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, तो नाही म्हणजे ते मशीन घरातल्या घरात बोलतं, इंटरनेटला त्याला रस्ताच माहीत नाही. ब्राउझर चालत नाही, अण्णांना तो लागतही नाही. मदरबोर्डचा सेल मात्र बदलून घ्या, सीआर२०३२, साधा मिळतो, कारण सेल गेला की तारीख मागं जाते, इंटरनेट नाही म्हणजे ती आपोआप सुधारतही नाही आणि मग फायलींच्या तारखांचा सगळा गोंधळ. पायवर एसएमबी १ चालू आहे हे खरं आहे आणि ती भाषा आजही जुनी आणि उघडीच आहे, पण वॉनाक्रायनं वापरलेलं भोक विंडोजच्या कोडमधलं होतं, सांबाचा कोड वेगळा, आणि पायला अपडेट मिळत राहतात जे एक्सपीला कधीच मिळणार नाहीत. राउटरमध्ये एसएमबीचा ४४५ नंबरचा पोर्ट बाहेरून उघडायचा नाही, काही झालं तरी नाही. लॅपटॉपवर काहीच ढिलं करावं लागलं नाही, फायरवॉल चालू, साइनिंग चालू, एसएमबी १ नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडलं.

आता ज्या कारणासाठी मी हा डबा कुणालाही घ्यायला सांगेन ते बॅकअपचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला तेव्हा आमच्या दुकानात पाणी शिरलं. पाणी चढताना अण्णांनी आधी सीपीयू उचलला, तो डोक्यावर घेऊन जिना चढले, कागदाचे रिम, कटिंग मशीन, फर्निचर सगळं खाली राहिलं आणि गेलं. वीस वर्षांचं काम त्या एका ८० जीबीच्या आयडीई डिस्कवर होतं, दुसरी कॉपी कुठंच नव्हती. त्यानंतरही पाच वर्षं ती तशीच एकटी होती आणि पावसाळ्यात रात्री मला तीच आठवायची. आता डेस्कटॉपवर एक बॅच फाइल ठेवलीय, एक्सकॉपी वापरून फक्त बदललेल्या फायली झेडवर जातात, अण्णा दुकान बंद करताना तिच्यावर डबल क्लिक करतात, दोन मिनिटांत काळी खिडकी बंद होते. पाय वरच्या मजल्यावर राउटरशेजारी आहे. सांबात रिसायकल नावाचा एक भाग चालू करता येतो तो पण करा, कारण नेटवर्कवरची फाइल डिलीट केली की विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ उडते. हा भाग चालू असला की ती पायवरच्या एका वेगळ्या फोल्डरात जाऊन बसते. मार्चमध्ये एका शाळेच्या प्रगतिपुस्तकाची फाइल अशीच उडाली होती, पाच मिनिटांत परत काढून दिली.

न आवडलेलं पण सांगते. एक, लाइट. अचानक गेली की मेमरी कार्ड खराब व्हायची भीती असते, आमचं एकदा झालं, सगळं परत बसवावं लागलं. आता पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत आणि कार्डाची तयार इमेज काढून ठेवलीय, तासाभरात नवं कार्ड होतं. खर्च म्हणाल तर चारपाच वॅट खातो, बिलात कळत पण नाही. दोन, डिस्क मी लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केली, त्यामुळं उद्या पायच गेला तर ती डिस्क काढून विंडोजला लावली तर सरळ उघडणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा लॅपटॉपवरून सगळं दुसऱ्या साध्या हार्डडिस्कवर उतरवते. तीन, हे सगळं कमांड टाकून करावं लागतं, काळ्या स्क्रीनची सवय नसेल तर कुणीतरी सोबत घ्या, नाहीतर जास्त पैसे घालून तयार नॅस घ्या, त्यात कमीपणा काही नाही. चार, फायलींची नावं मराठीत देऊ नका, लॅपटॉपवरून मी 'पाटील पत्रिका' असं देवनागरीत नाव दिलं तर एक्सपीवर नुसते चौकोन दिसले, त्यात कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा सपोर्ट इन्स्टॉलच नव्हता आणि त्याची सीडी आता कोण शोधणार. इंग्रजीत नावं द्यायची, तारीख पुढं लावायची, असं आम्ही ठरवून घेतलंय. आणि मोबाइलवरून येणारे नव्या फॉरमॅटचे फोटो एक्सपीला उघडत नाहीत, ते मी वरच जेपीजी करून खाली सोडते.

प्रिंटर मी पायवर नेला नाही. अण्णांचा लेझर थेट एक्सपीला लावलेला आहे, बटर पेपरवर ट्रेसिंग त्यावरच निघतात, मशीन आणि प्रिंटरचं जे वर्षानुवर्षं जमलंय त्यात हात घालावा असं वाटलं नाही. त्यामुळं प्रिंटर शेअरिंगबद्दल या रिव्ह्यूत काही अपेक्षा ठेवू नका.

दहा महिने झाले. लग्नसराईचा अख्खा सीझन यावर निघाला. अण्णा आता खालून हाक पण मारत नाहीत, झेडमध्ये फाइल टाकतात आणि मोबाइलवर मला नुसतं "झेड" एवढंच टाइप करून पाठवतात, मग मी प्रूफ पुढं पाठवते. परवा शेजारच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्या काकांनी येऊन बघितलं, त्यांच्याकडे पण एक्सपीवर अल्बमचं जुनं सॉफ्टवेअर अडकलंय, अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि झेड कसा उघडायचा ते स्वतः दाखवलं. त्यांचा पाय पुढच्या रविवारी बसवायचाय.